ओकलंडमध्ये एक नंबर कोण?

सॅन फ्रान्सिस्कोला ऑनसाइट गेलात तर गोल्डन गेटसमोर फोटो काढालच. पण एक संध्याकाळ खाडीपलीकडच्या ओकलंडसाठी राखून ठेवा. बॅटिंगला पहिलं कोणी जायचं, या साध्या प्रश्नाने इथे भल्याभल्यांची झोप उडवली होती.

एम्बार्काडेरो स्टेशनवर बार्ट पकडायची. बार्ट म्हणजे तिकडची लोकल, फक्त दारात लटकायची सोय नाही. गाडी खाडीखालच्या बोगद्यात शिरते, कानाला दडे बसतात आणि बाहेर येते तेव्हा समोर बंदरातल्या उंच क्रेन्स उभ्या असतात. वीसेक मिनिटांत कोलिझियम स्टेशन. तिथून एक लांबलचक पूल थेट काँक्रीटच्या एका भल्यामोठ्या वाडग्याकडे जातो. हेच ओकलंड कोलिझियम.

दिसायला अजिबात ग्लॅमरस नाही. १९६६ मध्ये उघडलेलं स्टेडियम. पूर्वी आतून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. १९९० च्या दशकात रेडर्स या फुटबॉल संघाला परत आणण्यासाठी एक अगडबंब स्टँड बांधला आणि टेकड्या गायब झाल्या. त्यात शहराचं नशीबही असं, की २०१९ मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०२० मध्ये रेडर्स लास व्हेगासला गेले आणि २०२४ च्या सीझननंतर बेसबॉलचे अ‍ॅथलेटिक्सही ५७ सीझनचा संसार गुंडाळून निघून गेले. पाच-सहा वर्षांत तीन संघ गेले. एवढं वाईट तर आपल्या गल्ली क्रिकेट टीमचंही होत नाही.

मग इथे यायचं कशाला? कारण बॅटिंग ऑर्डर या विषयातलं सगळ्यात गाजलेलं भांडण याच मैदानावर झालंय.

आधी थोडा फंडा

बेसबॉल म्हणजे अमेरिकन क्रिकेट, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण बॅटिंग ऑर्डरचा हिशेब पार वेगळा आहे. क्रिकेटमध्ये एकदा आउट झालात की त्या इनिंगपुरते पॅव्हेलियनमध्ये. बेसबॉलमध्ये नऊ बॅटर रांगेत फिरत राहतात. तीन आउट झाले की इनिंग संपते आणि पुढच्या इनिंगला रांग जिथे थांबली होती तिथूनच सुरू होते. म्हणजे एक नंबरचा बॅटर 'ओपनिंग' करणार याची गॅरंटी फक्त एकदाच, मॅचच्या सुरुवातीला. त्यानंतर पाळी येईल तसं.

बॅटिंग ऑर्डर बदलली की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २७ मार्च १९९४ ला सिद्धू अनफिट होता, सचिनने ओपनिंग मागून घेतली आणि ४९ चेंडूंत ८२ ठोकल्या. ते न्यूझीलंडचं ऑकलंड. हे ओकलंड. फरक एका चंद्रकोरीचा, पण बॅटिंग ऑर्डरच्या गोष्टी दोन्हीकडे.

बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं एक शिरस्ता होता. एक नंबरला सुसाट पळणारा, दोन नंबरला बॉल हळूच ढकलून त्याला पुढे सरकवणारा, तीन नंबरला टीमचा हीरो, चारला हाणामारीवाला. का? कारण आजोबांच्या काळापासून असंच चालत आलंय. आपल्या ऑफिसातले निम्मे नियम याच कारणाने चालतात, नाही का?

रिकी : एक नंबर, प्रत्येक अर्थाने

या शिरस्त्यातला देवमाणूस म्हणजे रिकी हेंडरसन. जन्म शिकागोचा, पण वाढला ओकलंडमध्ये. बॉल पिचरच्या हातात असताना धूम ठोकून पुढचा बेस गाठायचा, याला 'स्टील' म्हणतात. रिकीने १९८२ च्या एकाच सीझनमध्ये असे १३० बेस चोरले आणि संपूर्ण करिअरमध्ये १,४०६. १९९१ मध्ये त्याने ऑल-टाइम रेकॉर्ड मोडलं ते इथेच. २०१७ मध्ये मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं.

पण आकडेवाल्यांनी रिकीच्या वहीचं दुसरं पान उलटलं. पिचरचे चार बॉल बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकटात मिळतो, त्याला 'वॉक' म्हणतात. रिकीने करिअरमध्ये असे २,१९० वॉक मिळवले. हिट, वॉक सगळं धरून तो दर शंभरातल्या ४० वेळा बेसवर पोचायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्याच्या पळण्याला. पण पहिला बेस काही चोरता येत नाही. तिथे आधी पोचावं लागतं, मग पुढची चोरी. रिकी एक नंबरला ग्रेट होता तो आधी पोचण्यामुळे. वेग हा वरचा बोनस.

त्यात हे मैदानही मजेशीर. रेषेबाहेरची जागा इतकी ऐसपैस, की दुसऱ्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांत पडून वाया गेला असता असा फाउल बॉल इथे आरामात कॅच व्हायचा. बॅटरचं नुकसान. वॉकला मात्र मैदानाची लांबी-रुंदी लागत नाही.

गोगलगाय ओपनिंगला

आता दुसरा हीरो. १३ ऑक्टोबर २००१, प्लेऑफ्स, समोर न्यूयॉर्क यँकीज. यँकीज १-० ने पुढे आणि ओकलंडचा जेरेमी जिआंबी बरोबरीच्या रनसाठी होम प्लेटकडे धावतोय. यँकीजचा डेरेक जीटर कुठून तरी टपकला आणि त्याने चालत्या अंगाने बॉल विकेटकीपरच्या जागी असलेल्या कॅचरकडे भिरकावला. जेरेमीने घसरून जायचं सोडून उभ्याउभ्याच प्लेट गाठायचा प्रयत्न केला. आउट! ओकलंड मॅच हरलं, मग सिरीजही. अमेरिकन टीव्हीवर ही क्लिप अजूनही वाजते.

त्यानंतर जेरेमीचा भाऊ जेसन, टीमचा सुपरस्टार, १२ कोटी डॉलर्सच्या सात वर्षांच्या करारावर यँकीजकडे गेला. ओकलंडकडे पैसे नव्हते. जनरल मॅनेजर बिली बीन आणि हार्वर्डला इकॉनॉमिक्स शिकलेला त्याचा असिस्टंट पॉल डीपोडेस्टा यांच्याकडे होते फक्त लॅपटॉप आणि आकडे. २००२ चा सीझन सुरू झाला तेव्हा ओकलंडच्या यादीत एक नंबरला नाव होतं जेरेमी जिआंबी. तोच, उभ्याने आउट झालेला. बेसबॉलमधल्या मंद धावणाऱ्यांपैकी एक.

लोक हसले. रिकीच्या मैदानावर ही गोगलगाय? पण आदल्या वर्षी जेरेमी दर शंभरात ३९ वेळा बेसवर पोचला होता. रिकीच्या करिअरच्या आकड्याला जवळजवळ टेकलेला. रिकीमधून वेग काढून घ्या, उरतं ते हे.

३,६२,८८० पैकी कुठली?

नऊ जणांची रांग किती प्रकारे लावता येते? ३,६२,८८०. रोज एक करून बघायची म्हटलं तर ९९० हून जास्त वर्षं लागतील. कॉम्प्युटरला हे काम चहा संपेपर्यंत होतं. तो हजारो काल्पनिक सीझन खेळवतो आणि रन्स मोजतो. त्यातून, आणि खऱ्या मॅचेसच्या ढीगभर नोंदींतून, तीन गोष्टी समजल्या.

पहिली, रांगेत एक जागा खाली सरकलात की १६२ मॅचच्या सीझनमध्ये साधारण १८ पाळ्या कमी मिळतात. हिशेब सोपा आहे. मॅच नऊपैकी कुणावर तरी येऊन संपणार. १६२ ला ९ ने भागा. म्हणजे बेसवर पोचणारा माणूस जितका वर, तितकं बरं.

दुसरी, तीन नंबरची जागा वाटते तेवढी भारी नाही. पहिल्या इनिंगमध्ये हा बाबा मैदानात येतो तेव्हा बऱ्याचदा दोन आउट झालेले असतात आणि बेस रिकामे. टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन यांच्या २००६ च्या 'द बुक' या पुस्तकाने सरळ सांगितलं, की तुमचे तीन बेस्ट बॅटर एक, दोन आणि चारवर लावा.

तिसरी गोष्ट ऐकून सगळ्यांचाच फुगा फुटतो. नेहमीची ठीकठाक ऑर्डर आणि कॉम्प्युटरची परफेक्ट ऑर्डर यांत फरक किती? अख्ख्या सीझनमध्ये पाच ते पंधरा रन्स. दहा रन्स म्हणजे ढोबळमानाने एक जादा विजय. १६२ मध्ये एक!

एवढ्यासाठी एवढं रामायण? तर हो. कारण तो एक विजय फुकट आहे. विकत घ्यायला गेलात तर लाखो डॉलर्स पडतात, इथे फक्त कागदावरची नावं वर-खाली करायची. श्रीमंत टीमला अशी चिल्लर मोजायची गरज नसते. ओकलंडला होती. २००२ मध्ये ओकलंडने सुमारे चार कोटी डॉलर्सच्या पगारात १०३ मॅच जिंकल्या. यँकीजनेही १०३ च जिंकल्या, सुमारे साडेबारा कोटींत. मायकल लुईसच्या 'मनीबॉल' या पुस्तकाची आणि ब्रॅड पिटच्या सिनेमाची हीच स्टोरी.

त्यातला जेरेमी मात्र मे महिन्यातच दुसऱ्या टीमला देऊन टाकला गेला. आणि ४ सप्टेंबर २००२ ला, सलग विसाव्या विजयाच्या रात्री, ११-० अशी आघाडी उधळून स्कोअर ११-११ झाला असताना स्कॉट हॅटेबर्गने होमरन मारून मॅच जिंकली. हॅटेबर्ग त्या दिवशी सुरुवातीच्या नऊ जणांत नव्हताच. बदली म्हणून आला होता. ३,६२,८८० पैकी कुठल्याच रांगेत त्याचं नाव नव्हतं.

हिशेब जिंकला, शहर हरलं

आज ओकलंडची ती वेडी आयडिया सगळीकडे चालते. २०२२ मध्ये यँकीजच्या एरन जजने ६२ वा होमरन मारला तो एक नंबरला बॅटिंग करताना. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाचा धिप्पाड काइल श्वार्बर ओपनिंगला यायचा. बॅटिंग अ‍ॅव्हरेज .१९७, म्हणजे रडकं. पण ४७ होमरन आणि १२६ वॉक. वीस वर्षांपूर्वी कोणी हे केलं असतं तर मॅनेजरची नोकरी गेली असती.

आणि ओकलंड? २०२३ मध्ये संघाने ११२ मॅच हरल्या. त्याच वर्षी लास व्हेगासला जायचं जाहीर झालं. १३ जून २०२३ ला फॅन्सनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे न जाण्याऐवजी मुद्दाम गेले. रिकाम्या खुर्च्यांसाठी बदनाम झालेल्या मैदानात २७,७५९ लोक, अनेकांच्या हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द, 'सेल'. मालकांनो, संघ विका, पण इथेच राहू द्या. उपयोग झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या मॅचला ४६,८८९ लोक आले. सुरुवातीचा बॉल टाकायला रिकी आला होता. ओकलंड ३-२ ने जिंकलं. तीन महिन्यांच्या आत, २० डिसेंबरला रिकीही गेला.

बेसबॉलला पै-पैचा हिशेब शिकवला तो याच शहराने. एक नंबर कोणाला द्यायचा हे आकड्यांनी बरोबर सांगितलं. पण पोराला पाठुंगळीला घेऊन त्या पुलावरून येणाऱ्या बापाचा आकडा कोणाच्या शीटमध्ये नव्हता.

वाद चालू ठेवा

म्हणून परतीच्या वाटेवर वेस्ट ओकलंडला उतराच. तिथल्या रायमंडी पार्कवर २०२४ मध्ये नवा छोटा संघ सुरू झाला, ओकलंड बॉलर्स. जागा जेमतेम चार हजारांची. फॅन्सनाही यात पैसे गुंतवता आले, आणि २०२५ मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपदही पटकावलं.

पण खरी गंमत पुढेच. सप्टेंबर २०२५ मध्ये या संघाने एका मॅचसाठी मॅनेजरचं काम एआयकडे सोपवलं. बॅटिंग ऑर्डरसुद्धा त्यानेच ठरवायची. मशीनचे निर्णय माणसासारखेच निघाले. एकदाच मॅनेजरला मध्ये पडावं लागलं, कारण कॅचर आजारी होता आणि मशीनला त्याचा पत्ता नव्हता. तरीही बरेच फॅन्स भडकले. बरोबरच आहे ना! ऑर्डर बरोबर लागली तर वर्षाला एक मॅच जास्त जिंकता येते, मान्य. पण ती चुकली म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाशी नऊ इनिंग भांडता येतं, त्याचं काय?

जाणार असाल तर…

कसं जाल : सॅन फ्रान्सिस्कोहून किंवा फ्रीमाँटहून बार्ट. कोलिझियमवर २०२५ पासून ओकलंड रूट्स हा सॉकर संघ खेळू लागला. सामना असेल तर आतून बघता येईल.

कधी : बॉलर्ससाठी जून ते ऑगस्ट. संध्याकाळी खाडीवरचा वारा बोचतो, जॅकेट विसरू नका.

पोटोबा : फ्रूटव्हेल स्टेशनवर उतरून मेक्सिकन टाको. नंतर जॅक लंडन स्क्वेअरला १८८३ चा हाइनोल्ड्स बार. १९०६ च्या भूकंपापासून त्याची जमीन तिरकी आहे, त्यामुळे पहिल्या ग्लासानंतरच तोल गेल्यासारखं वाटलं तर घाबरू नका.

आणि हो : शेजारच्याला एकच प्रश्न विचारा, 'रिकी की जेरेमी?' पुढचे दोन तास गप्पांची काळजी नाही.