‘मला जमेल’ याचे मोजमाप

प्रकल्पलेखनास आरंभ करण्यापूर्वी तुमच्या हाती एक प्रश्नावली येते. ‘मी संदर्भग्रंथ शोधू शकतो’, ‘मी मुलाखत घेऊ शकतो’ अशा विधानांपुढे १ ते ५ यांपैकी एका अंकावर खूण करायची असते. ही मापनपद्धती रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली. खूण करणे सोपे असते. तिचा अर्थ लावणे मात्र तितके सोपे नसते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची संकल्पना मांडली. हा विश्वास विशिष्ट कामापुरता असतो आणि तो मुख्यतः ते काम स्वतः केल्याने दृढ होतो. म्हणून ‘तुम्हाला संशोधन जमते का?’ हा प्रश्न ‘शेती जमते का?’ या प्रश्नाइतकाच मोघम आहे. पेरणीत तरबेज असलेल्या शेतकऱ्याला बाजाराचा अंदाज येईलच असे नाही.

अमरावती आणि अकोला येथे प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवताना दोन अनुभव मला पुष्कळ शिकवून गेले. अमरावतीच्या एका शेतकरी विद्यार्थ्याने ‘नोंदी ठेवणे’ या विधानापुढे १ वर खूण केली होती. प्रत्यक्षात कपाशीच्या वाणांची, पावसाची आणि उताऱ्याची त्याची वही अनेक वर्षांची होती. त्या वहीला नोंद म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

अकोल्याच्या एका गृहिणीने मुलाखतीपुढे ५ लिहिले. नंतर ती जात्यावरच्या ओव्या गोळा करू लागली. एकच ओवी सासूने एक सांगितली, चुलतसासूने निराळी. दुसऱ्यांदा प्रश्नावली भरताना तिने ३ लिहिले आणि विचारले, “सर, मी मागे गेले का? प्रकल्प सोडून देऊ का?”

मी तिला रिद्धपूरची आठवण दिली. अमरावती जिल्ह्यातील याच गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. त्यासाठी ज्यांनी प्रसंग पाहिले, ऐकले, त्यांना गाठून त्यांनी विचारपूस केली. आठवणी सांगणारे अनेक असले की त्यांत भेद येणारच. तो भेद पारखणे हेच संशोधकाचे काम. तिच्यापुढे तोच प्रश्न उभा राहिला होता. कामाची खोली कळल्यामुळे तिचा अंक उतरला होता. तिने दोन्ही ओव्या सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदवल्या आणि प्रकल्प पूर्ण केला.

म्हणून तुम्हीही प्रत्येक अंकापुढे एक वाक्य लिहा: हा अंक मी कशाच्या आधारे दिला? ‘ग्रंथालयातून तीन ग्रंथ शोधले’, ‘एक मुलाखत घेऊन लिहून काढली’ असा काही आधार असावा. आधार नसलेला ५ आणि आधार असूनही दिलेला १, दोन्ही पुन्हा तपासा. प्रकल्पाच्या मध्यावर व अखेरीस तीच प्रश्नावली भरा आणि अंकांबरोबर आधारांची वाक्येही ताडून पाहा. अंक घसरला तरी वाक्ये वाढत असतील, तर तुमचा अभ्यास पुढेच चालला आहे. कापसाची प्रत हाताला कळते, वजन मात्र काट्यावरच ठरते. तुमच्या विश्वासाचा काटा तुमच्या केलेल्या कामात आहे.