गणितात तेरा

भुताने माणसाला घाबरवावे, हा जगाचा रिवाज. पण ‘जरा मला घाबर रे बाबा’ अशी भुतानेच माणसाची विनवणी करावी, हे कधी ऐकले आहे? गेल्या श्रावणापर्यंत मीही ऐकले नव्हते. बाहेर पावसाने धरले होते, वीज गेली होती, आणि आमच्या धाकटीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक माझ्या पुढ्यात टाकले.

“बाबा, हे इंग्रजीत आहे. तुम्ही वाचा आणि मला मराठीत सांगा.”

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरी शब्दकोश मांडीवर घेतला, मेणबत्ती मध्ये ठेवली आणि बसलो.

पुस्तक मूळचे बंगालीतले : शीर्षेंदु मुखोपाध्याय यांचे ‘गोसाईंबागानेर भूत’. हे लेखक १९३५ साली मयमनसिंहला जन्मले. वडील रेल्वेत नोकरीला, त्यामुळे बालपण गावोगाव फिरण्यात गेले. थोरांसाठी त्यांनी गंभीर कादंबऱ्या लिहिल्या. ‘मानवजमीन’साठी त्यांना १९८९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पण बंगालची मुले त्यांना ओळखतात ती ‘अद्भुतुडे’ नावाच्या मालिकेमुळे. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, वृत्तपत्राच्या कचेरीत जाण्याआधी हा गृहस्थ शाळामास्तर होता!

कथा एका लहानशा गावातली. बुरून नावाचा मुलगा वार्षिक परीक्षेत गणितात तेरा गुण मिळवतो. डॉक्टर असलेले वडील संतापतात, घरचे लाड बंद होतात, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ते तेरा. हिरमुसलेला बुरून भटकत भटकत गोसाईंबागेच्या रानात शिरतो. तिथे निधिराम नावाचे जुने, अनुभवी भूत त्याच्यापुढे प्रकट होते. ते आपले सगळे कसब पणाला लावते. पण बुरून ढिम्म! निधिराम आधी चकित होतो, मग खट्टू होतो आणि शेवटी काकुळतीला येतो. एका पोराला घाबरवता आले नाही हे कळले, तर भुतांच्या बिरादरीत त्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पुढे हेच भूत बुरूनची गणिते सोडवते, क्रिकेटमध्ये त्याला हात देते; तुरुंगातून सुटून आलेला हाबू नावाचा एक दुष्ट मांत्रिक येतो, बुरूनचे वैद्य आजोबा राम कविराज येतात, आणि एकच धमाल उडते.

गंमत भुतापेक्षा गावाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी जसा पोस्टमास्तर असतो, तसे तिथे भूत असते. त्यालाही इभ्रत आहे, शेजारी काय म्हणतील याची धास्ती आहे. आमच्या कोकणात खवीस, मुंजा, वेताळ यांचा दरारा मोठा. त्यांना नारळ-कोंबडा द्यावा आणि मागे न पाहता घरी यावे. बंगाली माणसाने भुतांशीही घरोबा केलेला दिसतो. त्याच्याकडे बेलाच्या झाडावर राहणारा ब्रह्मदैत्य आहे, हातात शंखाच्या बांगड्या घालणारी शाकचुन्नी आहे, आणि बाजारातून मासळी घेऊन येणाऱ्याच्या मागे लागणारे ‘मेछो भूत’ तर थेट आमच्या जातकुळीचे! आपल्या नरकचतुर्दशीला तिकडे ‘भूतचतुर्दशी’ म्हणतात. त्या दिवशी चौदा पालेभाज्या खातात आणि संध्याकाळी घरात चौदा दिवे लावतात.

तसे बंगालचे आणि आपल्या दिवाळीचे नाते जुनेच. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगालीच्या प्रेमाने ‘मित्र’ झाले होते. तेव्हा दिवाळी अंकात एखादे बंगाली भूत शिरले, तर ते परके समजू नये.

तर आम्ही वाचत होतो. निधिरामाच्या फजितीला धाकटी इतकी हसली की, आतून बायको विचारायला आली. मीही हसत होतो. मग पोरीने सहज विचारले,

“बाबा, बुरून घाबरला का नाही?”

“शूर असेल,” मी म्हणालो.

“शूर नाही काही. त्याला इतकं वाईट वाटत होतं की, घाबरायला जागाच नव्हती.”

मी पान उलटायचे विसरलो.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. मी मुलांवर कधी छडी उगारली नाही, याचा मला भारी अभिमान. पण माझी छडी जिभेत होती, हे मला कोणी सांगितले नव्हते. सहामाहीचे पेपर वाटताना मी गुण मोठ्याने वाचत असे, आणि प्रत्येक नापासाला एकेक कोटी बक्षीस देत असे. त्या मुलाला गणितात नऊ गुण होते. मी म्हणालो, “नवरात्र सरलं, पण या गृहस्थांचे नऊ काही सुटत नाहीत!” वर्ग खो-खो हसला. कोटी साधली म्हणून मीही खूश झालो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला तो बदलूनच. रागावलो तरी मान खाली नाही, वर्गाबाहेर काढले तरी चेहऱ्यावर रेषा हलत नाही. माझ्या धाकाला भीक घालत नाही, याचा मला संताप येई. ‘निर्ढावलेला आहे,’ असे मी मुख्याध्यापकांना सांगितले. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. मी हजेरीपटातल्या त्याच्या नावावर रेघ मारली, आणि विसरलो.

पंधरा वर्षांनी मेणबत्तीच्या उजेडात मला कळले की, त्या वर्गात निधिराम मीच होतो. फरक एवढाच, की त्या भुताला बुरूनचे दुःख लवकर समजले आणि ते त्याच्या मदतीला धावले. मी मात्र माझी इभ्रत सांभाळत बसलो.

भाद्रपदात चौकशी करून त्याला गाठले. तो गवंडीकाम करतो. एका घराच्या जोत्यावर उभा राहून, किती विटा आणि किती सिमेंट लागेल, ते मालकाला तोंडी सांगत होता. मला पाहून खाली उतरला, हात पुसून पाया पडला.

“सर, ओळखलंत? गणितात नऊ!”

तो हसला. मला हसता आले नाही. बोलायचे ठरवून गेलो होतो ते सगळे घशातच राहिले. एवढेच म्हणालो, “चूक माझी होती रे.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “चहा घेऊया, सर.” माफ केले असे तो म्हणाला नाही, आणि ते मागण्याचा मला अधिकारही नव्हता. चहा मात्र आम्ही घेतला.

यंदा सहामाहीचे पेपर मी घडी घालून, एकेकाच्या हातात दिले. वर्गात हशा पिकला नाही. कोट्या करण्याची खोड जड गेली, हेही कबूल करतो. दोन-तीन तर अगदी ओठांवर आल्या होत्या.

घरी धाकटीचा हट्ट आहे की, नरकचतुर्दशीला आपणही चौदा दिवे लावायचे. पणत्या आणून ठेवल्या आहेत. त्यांतली एक निधिरामासाठी परसात, पेरूखाली ठेवायची, असे ठरले आहे. तो आला, तर या खेपेला मी त्याला घाबरणार आहे. बिचाऱ्याचे तेवढेच समाधान!