बिऱ्हाड कुठे मांडायचं

"देश टीव्हीवर दिसतो. तुम्ही गाव बघायला या," इस्रायलमधली माझी मावशी फोनवर म्हणाली. "शुक्रवारी दुपारी बस बंद होतात. त्यानंतर जिथे तुम्हाला करमेल, तिथे बिऱ्हाड मांडा."

म्हणून जानेवारी २०१९ मध्ये आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी इस्रायलला गेलो. मुलगी बारावीत, मुलगा नववीत. दोघांना ठाण्यात नणंदेकडे ठेवलं. मी बावीस वर्षं परिचारिका, हे वागळे इस्टेटमध्ये लेथवर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज नौगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं घरोघरी सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर. नावाच्या शेवटी गाव लावणारी माणसं गाव सोडायचं ठरवतात, तेव्हा ते ठरवणं सोपं नसतं.

एक गोष्ट आधीच लिहिते. आम्हाला इथे कुणी कधी त्रास दिलेला नाही. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जाही दिला. तरीही जायचा विचार का? रेवदंड्याला सासरे वारले तेव्हा त्यांच्यासाठी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायचा होता. त्याला दहा पुरुष लागतात. सिनेगॉग गावातच आहे, दिवे लावलेले, लादी पुसलेली. पण माणसं सहा. यांनी अलिबागला, पेणला फोन केले, रिक्षा पाठवल्या. दहावा माणूस आला तेव्हा दिवस कलला होता. १९५१ च्या सुमाराला भारतात पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते, आज सगळे मिळून पाचेक हजार. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, तिथे अजून दहा माणसं जमतात. पण माझ्या मुलाच्या म्हातारपणी जमतील का, हा प्रश्न रेवदंड्याहून परतताना आमच्या दोघांच्याही मनात होता. बोललो मात्र आठवड्याने.

कायद्याने वाट मोकळी आहे. १९५० च्या परतीच्या कायद्यानुसार ज्यू माणूस इस्रायलला राहायला आला की त्याला नागरिकत्व मिळतं. सुरुवातीचे सहा महिने सरकार पैसे देतं, हिब्रू शिकवण्यासाठी पाच महिन्यांचा उल्पान नावाचा वर्ग फुकट असतो. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचे कागद हातात आले की इकडचा पासपोर्ट परत करायचा आणि परदेशस्थ भारतीयांच्या ओसीआय कार्डावर माहेरी यायचं. मी ते वाचलं आणि दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाही.

मुंबईच्या विमानतळावर चढण्याआधीच चौकशी झाली: कुणाकडे जाताय, सामान कुणी भरलं, हिब्रू येतं का, कोणते सण पाळता. यांनी सरळ शेमाची प्रार्थना म्हणून दाखवली, रेवदंड्याच्या चालीत. विचारणारी पोरगी आमच्या मुलीएवढी असेल. ती हसली आणि तिने पासपोर्टवर स्टिकर लावला.

पहिला मुक्काम अश्दोदला, यांच्या चुलतभावाकडे. भूमध्य समुद्रावरचं बंदर, १९५६ मध्ये वसवलेलं, आता दोन लाखांवर वस्ती. हे पहाटे उठून किनाऱ्यावर जायचे आणि मासळीच्या गोष्टी सांगत परतायचे. रेवदंड्याचा माणूस, समुद्र दिसला की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. बंदरात, गोदामांत, कारखान्यांत कामं आहेत. लेथवरच्या माणसाला भाषा कमी आली तरी चालतं, असं भावाने सांगितलं. आमची मंडळी आहेत, सिनेगॉग आहे. भाडं मात्र ऐकून मी बोटांवर मोजायला लागले, आणि बोटं पुरली नाहीत. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "आपलं ठरलं." मी म्हटलं, "अजून शुक्रवार कुठे आलाय?"

शुक्रवार आला. दुपारनंतर रस्ते ओस. भावाच्या घरी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लागले, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना झाली, अगदी ठाण्यासारखी. जेवणं झाली आणि त्यांची दोन्ही मुलं आपापल्या मित्रांकडे गेली. भाऊ पेंगला, वहिनी आवरत बसली. मी बाल्कनीत उभी होते. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत दिवे होते, पण त्यातल्या एकाही घरात मी मीठ मागायला जाऊ शकले नसते. हा दोष अश्दोदचा नाही. मुंबईच्या टॉवरमध्येही असंच असतं. पण ठाण्याच्या चाळीत वाढलेल्या बाईला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एवढी शांतता सोसवत नाही.

लोदला एक रात्र काढली. विमानतळाजवळचं जुनं गाव, ज्यू आणि अरब शेजारी-शेजारी. एका रात्रीत गावाबद्दल मत देऊ नये, म्हणून देत नाही.

बीरशेबाला मी स्वतःच्या कामाची चौकशी केली. नेगेवच्या वाळवंटातलं हे मोठं शहर. विद्यापीठ आहे, दक्षिणेचं मोठं रुग्णालय इथेच. नात्यातली एक मुलगी तिथे परिचारिका आहे, तिने एकेक पायरी समजावली. आधी उल्पान, मग कागदपत्रांची तपासणी, मग परवान्याची परीक्षा. तोवर मदतनीस म्हणून काम. वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते मी, आता कदाचित दोन वर्षं बेडपॅन उचलायचे. मला ते काम नवं नाही, सुरुवात तिथूनच झाली होती. भाषेचीच भीती वाटली. रुग्ण कळवळतो तेव्हा शब्दकोश उघडायला वेळ नसतो.

तिच्या घरातली एक खोली जाड भिंतींची आहे, लोखंडी झडपेच्या खिडकीची. १९९१ च्या आखाती युद्धानंतर बांधलेल्या घरांत अशी सुरक्षित खोली ठेवावी लागते. त्यात तिच्या लेकीचा पाळणा होता. तीनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, याच शहरात एका घरावर रॉकेट पडलं होतं. सायरन वाजला की मिनिटभरात खोलीत यायचं, हे ती मला गॅस कसा बंद करायचा तसं सांगत होती.

बीरशेबाहून दिमोना पस्तीसेक किलोमीटर. बसच्या खिडकीतून पत्र्याच्या झोपड्या दिसल्या, शेळ्या, पाण्याच्या टाक्या, छपरांवर सौर पॅनेल. ती बेदुइन अरबांची वस्ती. तिथल्या कित्येक गावांना सरकारी मान्यता नाही, म्हणून विजेची तार नाही. मी माझं बिऱ्हाड कुठे मांडायचं याचा विचार करत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या मांडलेलं बिऱ्हाड बाहेर कागदाविना उभं होतं. ज्या भूमीवर मला उतरल्या दिवशी हक्क मिळतो, तिथे ही माणसं हक्क मागत आहेत. हे डोळ्यांआड करून तिथे राहायला जाणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून इथे लिहिलं.

मावशी स्टॉपवर उभी होती, स्वेटरवर शाल. वाळवंटातली थंडी हाडात शिरते. ती १९६४ मध्ये सोळा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर दिमोनाला आली. तिला गाव निवडायला मिळालं नव्हतं. "रात्री लॉरीत बसवलं. शहर जवळच आहे म्हणाले. सकाळी दार उघडलं तर वाळू. तुझ्या आज्याने अंगणात एक मूठ वाळू उचलली आणि म्हणाला, हिच्यात भात कसा लावायचा?" दिमोना तेव्हा नऊ वर्षांचं गाव होतं, १९५५ चं. आधी मोरोक्कोची माणसं आणून वसवलेली, मग आमची. आज्याने कापडगिरणीत आयुष्य काढलं.

१९६४ मध्येच आमच्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं होतं. आमच्या मुलामुलींची लग्नं लावण्याआधी धर्मपीठ पिढ्यांची चौकशी मागत होतं. आमच्या ज्यू असण्यावरच शंका. उन्हाळाभर माणसं हटली नाहीत, तेव्हा सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. त्याआधी, १९५२ च्या सुमाराला, रंगावरून दुजाभाव होतो म्हणून काही कुटुंबं भांडून मुंबईला परत गेली होती. पुढे त्यांतली कितीतरी पुन्हा इस्रायलला आली. लहानपणी मला ही गोष्ट धरसोडीची वाटायची. आता त्यांची बाजू कळते. दोन्हीकडे घर असलं की माणूस असाच हेलपाटतो.

दिमोनातला आमचा शुक्रवार मावशीच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडंच. वरची मोरोक्कन शेजारीण कुसकुस घेऊन आली, खालचे पेणचे काका नारळाच्या दुधातली कोंबडी घेऊन आले. मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही, म्हणून कोकणातला नारळ आमच्या चुलीवर असा कायमचा बसला, आणि वाळवंटात आला तरी उठला नाही. मावशीचा नातू सैन्यातून सुट्टीवर आला होता. मळक्या कपड्यांची पिशवी त्याने मोरीत टाकली, बंदूक भिंतीला टेकवली आणि ताट वाढून घेतलं. एकोणीस वर्षांचा. इथे मुलांना अडीच वर्षांहून जास्त, मुलींना दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. मी जेवताना त्या बंदुकीकडे बघत होते. मावशीने ओळखलं. "सवय होते असं मी तुला सांगणार नाही. मला अजून झालेली नाही."

त्या रात्री ठाण्याला फोन केला. मुलीला सगळं सांगितलं, बंदुकीसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, माझ्यासाठी नको ठरवूस. माझ्याबरोबर ठरव." परतल्यावर आम्ही चौघं बसून बोललो. त्यातलं बरंचसं घरातच राहू दे. एवढं सांगते की मुलीने होकार द्यायला महिना घेतला आणि आम्ही तो महिना तिला दिला.

रविवारी, २० जानेवारीला, सूर्यास्तानंतर तू बिश्वात लागला, झाडांचा सण. कोकणात या दिवशी आम्ही अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातो. तिथल्या खडकावर प्रेषित एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा. दिमोनात तो खडक नाही. सभागृहात मलिदा मांडला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर खजूर आणि फळं. आधी हिब्रू प्रार्थना झाली, मग मराठी गाणं. म्हातारी माणसं डोळे मिटून गात होती, मधल्या वयाची ओठ हलवत होती, पोरं फोनवर चित्रण करत होती. दहा पुरुष मोजायची गरजच पडली नाही. हे मात्र सवयीने मोजत होते; चाळिसावर गेल्यावर थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला वृद्धांच्या केंद्रात घेऊन गेली. ती तिथे रोज दोन तास बसते, पत्ते खेळते, ‘मायबोली’चे जुने अंक मोठ्याने वाचून दाखवते. हे इस्रायलमधून निघणारं मराठी त्रैमासिक. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत एक आजी होत्या, चौलच्या, नव्वदीला टेकलेल्या. पन्नास वर्षं त्या हिब्रूत भाजी घेत होत्या, हिब्रूत भांडत होत्या. आता विसरण्याच्या आजारात ती भाषा गेली, मराठीच उरली. आमच्या वॉर्डात हे मी पाहिलेलं आहे: जी भाषा शेवटी आली ती आधी जाते. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "पेज दे गो. पेज." रशियातून आलेली मदतनीस बिचारी पाणी आणायची, बिस्कीट आणायची, उशी सरळ करायची. आजी तोंड फिरवायच्या.

मी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ मागितला. मऊ शिजवला, मीठ घातलं, निवत ठेवला. आजींनी अख्खी वाटी संपवली. मग माझ्या हाताला धरून विचारलं, "कुणाची गो तू?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं, रेवदंडा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जवळचीच." मदतनीसाने वही काढून ‘पेज’ हा शब्द रशियन अक्षरांत लिहून घेतला. मावशी म्हणाली, अशा इथे आणखी आहेत, आणि दर वर्षी वाढणार.

माझं तिथेच ठरलं. सोयी बघितल्या तर बीरशेबा चांगलं, हवा आणि काम बघितलं तर अश्दोद. पण माझ्या हातातलं काम आणि तोंडातली भाषा, दोन्ही एकदम जिथे लागतात असं गाव मला दुसरं दिसलं नाही. परदेशी राहायला निघालेल्या कुणीही भाडं, पगार, शाळा, हवामान यांची यादी जरूर करावी; मीही केली होती, दोन पानं भरून. तिच्यात ‘इथे माझी गरज कुणाला आहे’ हा रकाना मात्र मी ठेवला नव्हता. तुम्ही ठेवा.

यांना अजून समुद्र हवा आहे. दिमोनाहून अश्दोद शंभरेक किलोमीटर. महिन्यातून एकदा भावाकडे मुक्काम, हे कबूल करून घेतलं आहे त्यांनी.

एप्रिलमध्ये कागद दिले: जन्माचे दाखले, लग्नाचा दाखला, सिनेगॉगचं पत्र. कुठे राहणार असं विचारलं तेव्हा दोघांनी दिमोना सांगितलं. मुलीचा बारावीचा निकाल लागला की तारीख घेऊ. रेवदंड्याचं घर विकलेलं नाही. किल्ली शेजारच्या कोळ्यांकडे आहे, आणि सिनेगॉगच्या दिव्याच्या तेलाचे वर्षभराचे पैसेही त्यांच्याकडेच देऊन ठेवले आहेत.