शिखर नसलेले देऊळ

भिलाईची ओळख पोलादाची आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात अनेक भाषा बोलणारे एक नगर उभे राहिले. या नगराला इतिहास आहे, पण पुराण नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. ते खरे नाही. चरोद्याच्या रेल्वे यार्डापासून जवळच देवबलोदा हे जुने गाव आहे, आणि तेथे कलचुरी काळातील, सामान्यतः तेराव्या शतकातील मानले जाणारे शिवमंदिर आहे. भिंतींवर हत्तींच्या रांगा आहेत, शिकारीची दृश्ये आहेत, देवदेवता आहेत. शेजारी कुंड आहे. मात्र मंदिराला शिखर नाही.

हे शिखर का नाही, याचे उत्तर गाव कथेने देते. रात्र सहा महिन्यांची होती. त्या छमासी रात्रीत शिल्पकार विवस्त्र होऊन काम करीत असे, आणि त्याची पत्नी रोज जेवण घेऊन येई. एके दिवशी पत्नीऐवजी बहीण आली. लज्जेने त्याने देवळावरून कुंडात उडी घेतली. बहिणीनेही जवळच्या तळ्यात देह टाकला. तिच्या डोक्यावर पाण्याचा कलश होता, म्हणून ते तळे करसा तलाव. कुंडातून आरंगपर्यंत भुयार जाते, असेही सांगतात.

मराठी अभ्यासकाला येथे अंबरनाथ आठवल्याशिवाय राहत नाही. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते शिलाहारकालीन शिवालयही शिखराच्या बाबतीत अपुरे, आणि तेही कारखान्यांच्या वस्तीत सापडलेले. तेथे लोक सांगतात की पांडवांनी ते एका रात्रीत बांधायला घेतले आणि उजाडल्यामुळे काम राहिले. दोन्हीकडे रात्र आहे, दोन्हीकडे अपूर्णता आहे. परंतु अंबरनाथच्या कथेत काम थांबते ते काळ संपल्यामुळे. देवबलोद्याच्या कथेत रात्र शिल्लक आहे, थांबते ते मर्यादा ओलांडल्यामुळे. पहिल्या कथेचे कर्ते महाकाव्यातून आलेले आहेत. दुसरीचा नायक एक निनावी कारागीर आहे, आणि तिचे दुःख घरातले, भावाबहिणीचे आहे. कथाबीज सारखे असले तरी कथा सारखी नसते, ही तौलनिक अभ्यासातील जुनीच गोष्ट येथे पुन्हा पटते.

लेबानॉनमधील कादिशाच्या दरीत मॅरोनाइट ख्रिस्ती लोकांची प्राचीन गावे आणि मठ आहेत. तेथील कोझ्हाया मठात १६१० मध्ये स्तोत्रसंहिता छापली गेली. एका स्तंभात सिरियाक भाषा, दुसऱ्यात सिरियाक लिपीत लिहिलेली अरबी. बोली बदलली तरी लिपी धरून ठेवायची, हा त्या समाजाचा आग्रह होता. त्या आग्रहाला कड्यांचा आधार होता, मठाचा होता, ग्रंथाचा होता. देवबलोद्याला यांपैकी काहीच नाही. सपाट मैदान, शेजारी लोहमार्ग, आणि छत्तीसगढी बोलीतली एक तोंडी कथा.

दगडाचे रक्षण पुरातत्त्व खाते करते. कथेचे कोण करणार, हा प्रश्न मात्र उरतो. कारखान्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा अनेक गावांची नावे वसाहतीच्या विभागांत विरून गेली. ती गावे ज्या कथा सांगत, त्यांची नोंद कोणत्याही भरपाईच्या कागदात नव्हती. देवबलोदा राहिले. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. कामगारवस्तीतली माणसेही येतात, कुंडाशी थांबतात. कोणी गावकरी कथा सांगू लागतो, आणि ऐकणारा ती आपापल्या भाषेत घरी नेतो. मुलाला ती तेलुगूत कळते, मलयाळममध्ये कळते, मराठीत कळते. छमासी रात या दोन शब्दांना मात्र तो पर्याय शोधीत नाही.

कथेचे आयुष्य वाढते ते असे. पण ज्या बोलीत ती जन्मली, तीत ती सांगणारा कुंडापाशी उभा असेल, तोवरच.