मलावी सरोवराहून परतल्यावर

आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या केप मॅक्लिअर किनाऱ्यावर पाणी इतके नितळ, की पावले आपोआप आत वळतात. मात्र तेथील गोगलगायींतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात. त्यांपासून वाढलेल्या कृमींची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात. काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, लघवीतून रक्त जाऊ लागते. उतारवयात मूतखडा, प्रोस्टेट, कर्करोग यांची तपासणी व्हावीच. पण सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना हा प्रवासही आवर्जून सांगावा. सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतील लघवीत अंडी सापडण्याचा संभव अधिक असतो. रक्ततपासणीचीही मदत होते. निदान झाल्यास प्राझिक्वांटेल या गोळ्यांनी उपचार करता येतो. न सांगितलेला प्रवास मात्र कोणत्याच तपासणीत दिसत नाही.