पावती नसलेलं भाडं

शेजारच्या दुकानाच्या थकीत भाड्याचा दावा कोर्टात गेला आणि भाडेकरूनं साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. नवीन जालन्यातली आमची जुनी गल्ली. मालकाशीही माझा घरोबा. घरचे म्हणाले, नसती भानगड कशाला? पण पैसे देताना पाहिलेला दुसरा माणूस नव्हता.

दिवाणी दाव्यात सरतपासणी आता प्रतिज्ञापत्रावर होते. वकिलांनी आणलेला मजकूर मी ओळ न् ओळ वाचला. त्यात होतं, ‘प्रतिवादी दरमहा पाच तारखेच्या आत भाडे अदा करीत असत.’ मालकाचे मुनीम येऊन नोटा मोजून नेतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं. दरमहा नव्हे. वाक्य बदलायला लावलं, तेव्हा भाडेकरूचा चेहरा उतरला. “भाऊ, तेवढ्यानं काय होतंय?” साक्षीदाराची खरी परीक्षा इथेच होते, पिंजऱ्यात नंतर.

उलटतपासणीत मालकाच्या वकिलांनी विचारलं, “रक्कम किती होती?”

“माहीत नाही.”

“पावती दिलेली पाहिली?”

“नाही.”

“मग ते भाडंच कशावरून?”

“मुनीम जाताना ‘भाडं पोचलं’ म्हणाले, ते मी ऐकलं.”

शेवटी लेखी उतरलं, ‘मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ वाचून सही केली. बाहेर मालक समोरून गेले, बोलले नाहीत. ते मला लागलं. पण साक्षीतला शब्द मी आजही बदलणार नाही.

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यात भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, करारनाम्याची नोंदणीही त्याचीच जबाबदारी. दाव्याचं समन्स लागल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून जागा जात नाही. हे आधी माहीत असतं तर दोन शेजाऱ्यांत एवढी कटुता आली नसती.

तेव्हा भाडेकरूंनो, नातं कितीही जुनं असो, पावती मागा. मालक देत नसेल तर भाडं बँकेतून द्या.