डिस्क उचलत नाही

लासलगावात घर कितीही झाडा, एखाद्या कोपऱ्यात कांद्याचं फोलपट सापडतंच. लिलावाच्या हंगामात ही फोलपटं वाऱ्यावर गावभर हिंडतात, दारातून आत शिरतात, कपाटामागे जाऊन बसतात. मागे माळ्यावरचा जुना सीडी प्लेअर खाली काढला आणि त्याचं झाकण उघडलं, तर ट्रान्सफॉर्मरच्या कडेला एक गुलाबी फोलपट पडलेलं. कागदासारखं वाळलेलं, रंग मात्र शाबूत.

हा प्लेअर घरात आला १९९८ साली. त्या वर्षी कांद्याच्या भावाने दिल्लीच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना रडवलं, हे सगळ्या देशाला आठवतं. आमच्या घराला आठवतं ते वेगळंच. वडिलांनी कांदाचाळीत उन्हाळ कांदा धरून ठेवला होता आणि त्याला कधी नव्हे तो भाव मिळाला. दिवाळीआधी आईला येवल्याची पैठणी आली आणि बैठकीत सीडी प्लेअर. फिलिप्स आणि सोनीने मिळून घडवलेली सीडीची चकती जपानच्या बाजारात ऑक्टोबर १९८२ मध्ये उतरली होती. आमच्या बैठकीपर्यंत यायला तिला सोळा वर्षं लागली.

तोवर आमचं ऐकणं कॅसेटवरचं. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, उन्हाळ्यात टेप सैलावली की गायकाचा आवाजही सैलावायचा. पहिली सीडी लावली तेव्हा गाणं सुरू होण्याआधी काहीच ऐकू आलं नाही. खरखर नाही, सूंऽऽ नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बंद आहे का?" तेवढ्यात तंबोरा लागला. ती सुरुवातीची शांतता हीच आमच्यासाठी खरी नवलाई होती.

ही शांतता फार दिवस टिकली नाही. दोन पावसाळ्यांनंतर प्लेअर पडद्यावर 'नो डिस्क' दाखवू लागला आणि मी तो घेऊन स्टेशनच्या रस्त्यावर दुरुस्तीवाल्या नानांच्या दुकानात गेलो. सुट्टीत पुढे तिथेच शिकायला बसू लागलो. नानांच्या दुकानात शेतातल्या ट्रान्झिस्टरपासून ट्रॅक्टरवरच्या टेपपर्यंत सगळं यायचं. बिघाडाच्या चिठ्ठीवर गिऱ्हाईक सांगेल तेच लिहायचं: 'आवाज फाटतो', 'ट्रे बाहेर येत नाही', 'डिस्क उचलत नाही'.

अमावस्येला तेव्हा बाजार समितीत लिलाव बंद असायचे. त्या दिवशी हमाल, व्यापारी, मास्तर असे चार जण दुकानात बसायचे आणि दुरुस्त झालेल्या प्लेअरची 'टेस्टिंग' चालायची. म्हणजे अख्खी सीडी, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. यात नुसती हौस नव्हती. सीडी आतून बाहेर वाचली जाते. मध्याशी ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, कडेला पोहोचेपर्यंत २०० वर येते. पहिलं गाणं नीट आणि शेवटचं अडखळतं, असं झालं की नाना म्हणायचे, "लेन्सचा गाडा रुळावर अडतोय, ग्रीस बघ." जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असायचं. पूर्ण सीडी ऐकल्याशिवाय ते कळत नसे.

नाना कानानेच निदान करायचे. झाकण उघडून प्लेअर चालू करायचा आणि गप्प बसायचं. आत तुरीच्या डाळीएवढी लेन्स वर-खाली होते, टिक, टिक, टिक. ती चकतीवरचा नेम शोधत असते. तीनदा प्रयत्न करून थांबली की नाना म्हणायचे, "शोधतेय, पण दिसत नाही. डोळा पूस." चकतीवरच्या गोलाकार ओळी इतक्या जवळजवळ असतात की माणसाच्या केसाच्या जाडीत चाळीसेक मावतील. तिथे फोलपटाच्या भुग्याचा पातळ थरही पुरतो. काही जण घरीच थिनरने लेन्स पुसून यायचे. ती प्लॅस्टिकची, थिनरने कायमची धुरकट व्हायची. मग नवी लेन्स, म्हणजे लेसरसकट अख्खा भाग.

नवी लेन्स म्हणजे मुंबई. सकाळच्या पंचवटीने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि मग पायी लॅमिंग्टन रोड. एकदा मी एकट्याने लेन्स आणली, एकट्याने बसवली आणि 'नो डिस्क' काही हटेना. दिवसभर वायरी तपासल्या, दुकानदाराला शिव्या घातल्या. संध्याकाळी नानांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "बाटलीचं बूच काढलंस का?" नव्या लेन्सच्या पट्टीवर डायोडची दोन टोकं जोडणारा कथलाचा बारीक टिपका असतो. हाताळताना स्थिर विजेचा झटका बसून लेसर मरू नये म्हणून कारखान्यातच तो लावतात. लेन्स बसवून वायर जोडली की तो काढायचा. मी काढलाच नव्हता. कथील उचललं आणि पहिल्याच खेपेला गाणी मोजून पडद्यावर आकडा आला.

नानांचा एकच नियम मात्र सगळे मोडायचे. लेन्सच्या बाजूला एक बारीक प्रीसेट, म्हणजे फिरवायचा स्क्रू असतो, त्याला हात लावायचा नाही. तो थोडा फिरवला की लेसरला जास्त करंट मिळतो, मेलेला प्लेअर उठून बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. चार-सहा महिन्यांत लेसर कायमचा जातो. नाना म्हणायचे, "म्हाताऱ्याला दारू पाजून पळवण्यातली गत."

पुढे शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी आल्या, २००५ नंतर भारनियमनाची वर्षं आली. वीज परतताना येणाऱ्या झटक्यांनी कितीतरी मशीन गेली. मग मोबाइल आला आणि नानांनी दुकान बंद केलं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. लिलाव आता अमावस्येलाही होतात.

आजची गंमत अशी की प्लेअर गेले आणि त्यांचे पार्ट घरपोच मिळू लागले. लेन्स कुरिअरने येते, अस्सल की नक्कल हे मात्र बसवल्यावरच कळतं. जुने प्लेअर 'सुधारून' घेण्याची नवी हौसही आली आहे. माझ्या पुतण्याने माळ्यावरचा प्लेअर पाहताच सांगितलं, "काका, आधी आवाजाचा आयसी बदलू. आवाज एकदम खुलतो म्हणतात." मी म्हटलं, आधी रोग, मग शृंगार.

मग नानांच्या क्रमाने गेलो. प्लग काढून थोडा वेळ थांबलो, कारण मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने हलक्या हाताने पुसली. ट्रेचा रबरी बेल्ट सैल झाला होता, नवा घातला. रुळावरचं जुनं ग्रीस काढून नवं लावलं. पॉवर सप्लायचे कंडेन्सर उष्णतेने वाळले होते, त्यातल्या दोनांची डोकी फुगली होती. ते बदलले आणि ड्राय सोल्डर झालेल्या ठिकाणी पुन्हा डाख दिला. प्लेअर लावला. स्पीकरमधली 'हंऽऽ' गेली होती. गाण्याआधीची ती शांतता परत आली.

पुतण्याच्या समाधानासाठी आयसीही बदलला. जुना ४५५८ काढून त्या जागी सॉकेट बसवलं आणि ५५३२ लावला. मग त्यालाच म्हटलं, मला न सांगता दोन्ही आलटून पालटून लाव, मी ओळखतो. दहा वेळा ऐकलं, पाच वेळा बरोबर आलो. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. कंडेन्सरचा फरक मात्र आईनेही स्वयंपाकघरातून ओळखला.

मोजमापात बघायला गेलं तर पुतण्याचा फोन या प्लेअरपेक्षा कमी नाही, हेही कबूल करायला हवं. तेव्हाचा आवाज चांगला होता असं माझं म्हणणं नाही. तेव्हा बिघडलेला आवाज आम्हाला ऐकू यायचा, कारण आम्ही शेवटच्या गाण्यापर्यंत बसायचो. आता गाणं आवडलं नाही की बोटाने पुढे ढकलतो. त्यात मशीन बिघडलंय की कान, हे कळायला वाव राहत नाही.

म्हणून सांगणं एवढंच. माळ्यावर जुना प्लेअर असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडा. महागडे पार्ट मागवू नका, प्रीसेटला हात लावू नका, लेसरकडे सरळ बघू नका. धूळ, बेल्ट, ग्रीस, कंडेन्सर, या क्रमाने जा आणि शेवटी अख्खी सीडी ऐका. तेवढ्याने तो उठला नाही, तर मग नव्या लेन्सचं बघा. ती बसवल्यावर कथलाचा टिपका तेवढा काढायला विसरू नका.